प्रबंध कपाटात, हातपंप गावात

वाचकाचे पत्र :

मी यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी असलेल्या वरिष्ठ महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. आमच्या बऱ्याच प्राध्यापकांनी पीएच.डी. केली आहे आणि बहुतेकांचे विषय याच परिसरातले आहेत. रसायनशास्त्राच्या एका तरुण सहकाऱ्यांनी गावोगावच्या हातपंपांच्या आणि विहिरींच्या पाण्यातील फ्लोराइड तपासले. मराठीच्या मॅडमनी कोलाम आदिवासींच्या पोडांवर (वस्त्यांवर) आणि आसपासच्या गावांत बायकांची गाणी जमवली. अर्थशास्त्राच्या सरांनी कर्जबाजारी कुटुंबांच्या मुलाखती घेतल्या. हे सगळे प्रबंध ग्रंथालयातील काचेच्या कपाटात आहेत. ज्या गावांतून माहिती आणली त्या गावांपर्यंत त्यांतले काहीही गेलेले नाही. “यांचे संशोधन बाहेर न्या,” असे सांगून प्राचार्यांनी हे काम माझ्याकडे सोपवले आहे. प्राध्यापकांना विचारले तर कोणी म्हणते वेळ नाही, कोणी म्हणते याचे पदोन्नतीला लागणारे गुण मिळत नाहीत, आणि रसायनशास्त्राचे सर म्हणतात, “गावात जाऊन तुमचे पाणी वाईट आहे असे सांगितले आणि उद्या काही वेडेवाकडे झाले तर?” मी स्वतः शास्त्रज्ञ नाही. सुरुवात कोठून करावी?

– एक ग्रंथपाल

उत्तर :

ग्रंथपाल ताई, सप्रेम नमस्कार.

आपले पत्र मी दोनदा वाचले, आणि प्राचार्यांनी हे काम योग्य व्यक्तीकडे सोपवले आहे असे माझे मत झाले. “मी शास्त्रज्ञ नाही” ही आपल्याला अडचण वाटते. या कामात तीच आपली सर्वांत मोठी सोय आहे. जे वाक्य आपल्याला कळणार नाही ते गावालाही कळणार नाही, आणि तसे स्पष्टपणे सांगता येणार नाही इतका संकोच आपल्या आणि सहकाऱ्यांच्या नात्यात नाही. प्राचार्यांच्या आदेशातला एक शब्द मात्र आपण मनातल्या मनात बदलून घ्यावा. ‘बाहेर न्या’ऐवजी ‘परत द्या’ असे म्हणून पाहावे. हा शब्द बदलला की कोणाकडे आधी जायचे, कोणत्या भाषेत बोलायचे आणि काय गाळायचे, हे प्रश्न बरेचसे आपोआप सुटतात.

आपल्या रसायनशास्त्राच्या सरांनी नमुने घेतले ते दिवस डोळ्यांपुढे आणा. हातपंपाच्या पाण्याचा नमुना घेताना आधी काही वेळ पंप चालवून नळीत साचलेले पाणी काढून टाकावे लागते, मग बाटली त्याच पाण्याने विसळून भरावी लागते. तो दांडा मारायला बहुधा पाण्यासाठी आलेली एखादी बाईच पुढे होते. ती आपली घागर बाजूला ठेवते, दांडा मारते आणि विचारते, “कायले नेऊन राह्यले जी पानी?” सर सांगतात, तपासायला. बाटलीवर चिठ्ठी लागते, वहीत नमुना क्रमांक पडतो आणि मोटारसायकल निघून जाते. पुढे त्या क्रमांकाचा तक्ता झाला, आलेख झाला, इंग्रजी नियतकालिकात निबंध झाला, पदवी मिळाली. त्या बाईला मात्र तिच्या प्रश्नाचे उत्तर आजवर मिळालेले नाही, आणि ती रोज तेच पाणी भरते आहे. आपल्या कामाची सुरुवात येथून आहे.

पांढरकवडा परिसरातील भूजलातील फ्लोराइडवरचा शोधनिबंध ‘करंट सायन्स’ या प्रतिष्ठित इंग्रजी नियतकालिकात २००७ साली प्रसिद्ध झाला आहे. म्हणजे आपल्या जिल्ह्यातील हा प्रश्न विद्वानांना ठाऊक होऊन बरीच वर्षे लोटली. तो त्या भागातल्या किती घरांत ठाऊक आहे हे आपण स्वतः एखाद्या गावी जाऊन विचारून पाहावे. फ्लोराइडमुळे मुलांच्या दातांवर आलेले पिवळे-तपकिरी पट्टे लोकांनी पाहिलेले असतात, पण त्याचे कारण कोणी तंबाखूचा खर्रा सांगते, कोणी दात न घासणे सांगते, तर कोणी ‘खानदानी आहे’ म्हणून सोडून देते.

माझी स्वतःची एक चूक आपल्याला सांगतो, कारण ती आपल्या सहकाऱ्यांकडून होऊ नये असे मला मनापासून वाटते. पुष्कळ वर्षांपूर्वी मी अशाच एका अभ्यासाचे निष्कर्ष सांगायला एका गावी गेलो होतो. समाजमंदिरात माणसे जमली होती. मी अभ्यासाची पार्श्वभूमी सांगितली, पद्धत सांगितली, अनुज्ञेय मर्यादा सांगितली, भिंतीवर तक्ता लावला. पाऊण तास झाला. मागे भिंतीला टेकून बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईने विचारले, “सर, हे पानी प्याचं का नाई, थे सांगा आधी.” माझ्याकडे त्या गावच्या पंपांचे आकडे होते, पण कोणता क्रमांक म्हणजे कोणत्या आळीतला पंप हे मला सांगता येईना. ते माझ्या वहीत होते आणि वही घरी होती. सभा तेथेच संपली. लोक रागावले नाहीत, त्यांनी चहा दिला, पण त्या गावात त्यानंतर कोणी मला काही विचारले नाही.

तेव्हा सरांसोबत बसाल तेव्हा प्रबंध पहिल्या पानापासून उघडू नका. प्रबंधात आधी पूर्वसंशोधनाचा आढावा, मग पद्धत, मग निरीक्षणे, आणि सर्वांत शेवटी निष्कर्ष असा क्रम असतो. परीक्षकांसाठी तो योग्यच आहे. गावासाठी तो उलटा करावा लागतो. प्रबंधातले वाक्य बहुधा असे असेल : ‘अभ्यासक्षेत्रातील काही भूजल नमुन्यांमध्ये फ्लोराइडचे प्रमाण अनुज्ञेय मर्यादेपेक्षा अधिक आढळून आले.’ याचे गावासाठीचे वाक्य असे होईल : ‘शाळेमागच्या हातपंपाचे पाणी पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी वापरू नका, धुण्या-भांड्यांना चालेल, पिण्यासाठी मारुतीच्या देवळाजवळच्या विहिरीचे पाणी ब्लिचिंग पावडर टाकून वापरा.’ पहिल्या वाक्याहून हे वाक्य लिहिणे कितीतरी अवघड आहे, कारण त्यात प्रत्येक शब्दाची जबाबदारी घ्यावी लागते. आपल्या सहकाऱ्यांना जी भीती वाटते ती याच जबाबदारीची आहे, आणि ती कमी लेखू नये.

मर्यादा सांगावी लागेल, तर ती हाताला लागेल अशी सांगावी. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात एका लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड स्वीकार्य आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेतले जाते. मिलिग्रॅम ऐकून कोणाच्याही डोळ्यांपुढे काही येत नाही. गच्चीवरची हजार लिटरची काळी टाकी सर्वांनी पाहिलेली असते. त्या भरलेल्या टाकीत दीड ग्रॅम, म्हणजे चिमूट-दोन चिमूट, इतक्यावर ही सीमा संपते असे सांगितले की माणसे एकमेकांकडे पाहतात आणि ऐकू लागतात. त्यासोबत दोन गोष्टी अगदी ठासून सांगायला हव्यात. एक, फ्लोराइडला चव नाही, वास नाही, रंग नाही. आपल्याकडे पाण्याची पारख जिभेवर होते. खारे ते वाईट आणि गोडे ते चांगले, अशी समजूत पक्की आहे, आणि फ्लोराइडच्या बाबतीत ती दगा देते. दुसरी, पाणी उकळल्याने फ्लोराइड जात नाही. उलट वाफ उडून पाणी आटते आणि प्रमाण थोडे वाढतेच. आरोग्य खात्याने वर्षानुवर्षे ‘पाणी उकळून प्या’ सांगितले आहे आणि जंतूंसाठी ते बरोबर आहे, म्हणूनच येथे फरक समजावून सांगितला नाही तर काळजी घेणारी आईच अधिक फसते.

आकड्याचे वस्तूत रूपांतर कसे करावे याचा विदर्भातलाच एक नमुना मला फार मोलाचा वाटतो. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने लहान मुलांमधील न्यूमोनिया गावातच ओळखता यावा म्हणून श्वास मोजण्याचे एक साधन तयार केले. न्यूमोनिया ओळखण्याची खूण शास्त्राला ठाऊक होती : बाळाचा श्वास मिनिटाला अमुक वेळांपेक्षा अधिक चालतो. परंतु गावातल्या दाईला चाळीस-पन्नासपर्यंत मोजता येत नसेल तर ती खूण तिच्या काय उपयोगाची? म्हणून एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि त्याच्याजवळ मण्यांच्या ओळी अशी रचना केली. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपण्यापूर्वी लाल मण्याची पाळी आली तर बाळाला न्यूमोनिया आहे असे समजायचे. संशोधनातले एक अक्षरही न बदलता ते दाईच्या बोटांत आले. याच संस्थेच्या घरोघरी नवजात बाळांच्या काळजीच्या कामावरचा निबंध १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला, आणि पुढे आशा कार्यकर्तींच्या कामात ही पद्धत देशभर आली. जे काम गावात इतके खोल रुजले तेच काम जगातल्या अग्रगण्य नियतकालिकाने स्वीकारले, हे आपल्या ज्या सहकाऱ्यांना ‘गावात बोललो तर संशोधनाचा दर्जा उतरेल’ असे वाटते त्यांना आवर्जून सांगावे.

आता सरांच्या भीतीकडे येतो. ती भीती खरी आहे, आणि तिचे उत्तर गप्प राहणे हे नाही. तिचे उत्तर क्रम नीट ठेवणे हे आहे. त्यांचे नमुने काही वर्षांपूर्वीचे असतील, आणि पाण्यातले प्रमाण पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर वेगळे असते, म्हणून ज्या पंपांचे आकडे मर्यादेच्या वर किंवा अगदी सीमेवर आहेत तेवढ्यांचे नमुने पुन्हा घ्यावेत आणि ते भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेतही तपासून घ्यावेत. एक सरकारी अहवाल हाती असला की ‘कॉलेजच्या मास्तरने गावाची बदनामी केली’ असे म्हणणे कोणालाही जड जाते. जलजीवन मिशनमध्ये गावातील पाच जणींना पाणी तपासणीच्या संचाचे प्रशिक्षण द्यायचे असते. आपल्या गावी त्या कोण आहेत ते शोधून सरांनी त्यांच्यासमोर, त्यांच्या हातून एकदा तपासणी करवून घ्यावी. पाण्यात थेंब टाकल्यावर येणारा रंग आपल्याच आळीतल्या बाईने तक्त्याशी ताडून पाहिला, तर त्या निष्कर्षावर गावाचा जेवढा विश्वास बसेल तेवढा आपल्या पदव्यांनी बसणार नाही.

पण त्याहून महत्त्वाचे असे की, कोणता पंप वाईट हे सांगण्यापूर्वी कोणते पाणी चांगले हे आपल्याला ठाऊक असले पाहिजे. पिण्यास अयोग्य पंपाला लाल रंग फासून जाणे सोपे आहे. एखाद्या कोलाम पोडावर एकच हातपंप असतो. त्याला लाल रंग फासला आणि दुसरी सोय दाखवली नाही, तर बायकांच्या डोक्यावर घागर आणि पायाखाली दोन मैल वाढतात, आणि आठ दिवसांनी, रंग तसाच ठेवून, त्याच पंपाचे पाणी पुन्हा भरले जाते. सरांच्या तक्त्यात चांगल्या पाण्याच्या नोंदीही आहेतच. प्रबंधात त्यांच्याकडे कोणी लक्ष दिले नसेल, गावासाठी मात्र त्याच सोन्यासारख्या आहेत. खडकातले फ्लोराइड पाण्यात उतरते ते पाणी खडकात दीर्घकाळ मुरून राहिल्यामुळे, म्हणून खोल बोअरपेक्षा उघड्या विहिरीत ते पुष्कळदा कमी आढळते. परंतु उघड्या विहिरीत जंतूंचा धोका असतो, म्हणून एका संकटातून सोडवून हगवणीच्या तोंडी देणे नको. ब्लिचिंग पावडरची गोष्ट त्याच वाक्यात यायला हवी. कायमचे दात हिरडीत घडत असतात त्या वयात फ्लोराइड अधिक पोटात गेले तर दातांवर डाग येतात, आणि मग ते घासून जात नाहीत. तेव्हा सगळ्या गावाची सोय एकदम होत नसेल तर अंगणवाडी आणि प्राथमिक शाळा यांचे पिण्याचे पाणी आधी बदलावे. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने तुरटी आणि चुना वापरून फ्लोराइड काढण्याची पद्धत विकसित केली, ती ‘नलगोंडा पद्धत’ म्हणून ओळखली जाते. तिची माहिती अवश्य द्यावी, पण प्रमाण पाण्यागणिक ठरवावे लागते आणि रोजच्या रोज निगुतीने करावे लागते, हेही सांगावे. गावाला उपाय सांगताना तो जेवढा आहे तेवढाच सांगितलेला बरा.

कोणाला आधी भेटायचे? सरपंच आणि ग्रामसेवक (आताचे ग्रामपंचायत अधिकारी) यांना घरी किंवा ग्रामपंचायतीत जाऊन निवांत सांगावे, जाहीर सभेत त्यांना हे प्रथमच ऐकायला लागू नये. जलसुरक्षक आणि आशाताई यांना सोबत घ्यावे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभा असतात. त्यांपैकी एखाद्या सभेच्या विषयपत्रिकेवर पिण्याच्या पाण्याचा विषय आधीच घालून घ्यावा, म्हणजे बोलणे नुसते व्याख्यान राहत नाही, त्यावर ठराव होतो, आणि ठराव पुढे पाणीपुरवठा विभागाकडे पाठवता येतो. पोडावर मात्र स्वतंत्रपणे जावे. कोलाम समाज हा आपल्या राज्यातील तीन विशेष असुरक्षित आदिवासी समूहांपैकी एक. मुख्य गावच्या सभेत त्यांची माणसे फारशी बोलत नाहीत, आणि कोलामी ही मराठीहून अगदी वेगळ्या, द्रविड कुळातली भाषा आहे. आपल्याच महाविद्यालयात शिकणारा एखादा कोलाम विद्यार्थी असेल तर त्याला बरोबर न्यावे. त्याने दुभाष्या म्हणून दोन वाक्ये उलगडावीत एवढ्यापुरते त्याला नेऊ नका. निष्कर्ष आधी त्याला समजावून द्या आणि त्यालाच बोलू द्या.

वर्तमानपत्र यानंतर. हा क्रम मोडू नये. गावाने आपल्या पाण्याची बातमी पेपरात वाचली तर ती बातमी खरी असूनही गाव दुखावते, आणि ते दुखावणे अकारण नसते. ‘अमुक गावात दात किडलेले’ असे छापून आले की सोयरिकी ठरवताना ते बोलून दाखवले जाते. मुलींना त्याचा त्रास सर्वांत आधी होतो. गावात बोलून झाल्यावर, गावाच्या संमतीने, शक्यतो गावाचे नाव न घालता तालुक्याचा प्रश्न म्हणून लिहावे. बातमीदाराशी नुसते फोनवर बोलण्यापेक्षा सरांनी स्वतः एक पान लिहून द्यावे. बातमीचे शीर्षक बहुधा तिकडे कार्यालयात ठरते, म्हणून त्या पानाच्या शेवटी ‘या अभ्यासातून काय सिद्ध होत नाही’ याची दोन वाक्येही असावीत. आकाशवाणीच्या यवतमाळ केंद्राचाही विचार करा; शेतात, गोठ्यात काम करता करता ऐकता येते हा रेडिओचा गुण अजून कमी झालेला नाही.

बोलण्याच्या रीतीबद्दल एक गोष्ट सुचवावीशी वाटते. आपल्या विदर्भातली दोन विद्यापीठे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज आणि संत गाडगेबाबा यांच्या नावाची आहेत. एक खंजिरीवर भजन म्हणत, दुसरे कीर्तन करत. गाडगेबाबा कीर्तनात श्रोत्यांना प्रश्न विचारीत, त्यांच्याकडून उत्तर वदवून घेत, आणि हे सारे त्यांच्याच वऱ्हाडी बोलीत. ज्या विद्यापीठांच्या पदव्या आपल्या सहकाऱ्यांनी मिळवल्या त्यांच्या नावातच गावाशी बोलण्याची ही पद्धत आहे. सरांनी व्याख्यान देऊ नये, विचारावे. “या आळीतल्या कोणाकोणाच्या मुलांच्या दातांवर डाग आहेत? ती कोणत्या पंपाचे पाणी पितात?” गावाने स्वतःच दोन गोष्टी जोडल्या की मग आकडा सांगावा.

गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाचे उदाहरणही आपल्याला उपयोगी पडेल. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ असे म्हणणाऱ्या या गावाने अभ्यासगटांची परंपरा निर्माण केली. गावकरी आणि बाहेरून आलेले जाणकार गोल करून बसत, एखादा कायदा किंवा प्रश्न समजून घेत, आणि निर्णय मात्र ग्रामसभा सर्वसहमतीने घेई. २००९ साली या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला, त्यामागे हा दीर्घ अभ्यास होता. प्राध्यापकाने त्या गोलात एक जाणकार म्हणून बसावे, अध्यक्ष म्हणून नव्हे. आपल्या सरांसाठी पाण्याचा असा एक अभ्यासगट एखाद्याच गावी सुरू झाला, तरी मला तो दहा व्याख्यानांहून अधिक मोलाचा वाटेल.

मराठीच्या मॅडमचे काम वेगळे आहे आणि त्यांचे देणेही वेगळे आहे. त्यांनी मोबाइलवर किंवा टेपवर बायकांचे आवाज आणले आहेत. भुलाबाईची गाणी असतील, लग्नातली असतील, पोडावरची कोलामी गाणी असतील. त्यांतल्या काही गाणाऱ्या आता हयात नसतील. प्रबंध परत देण्याआधी ते आवाज परत द्या. ज्या घरातली आजी गेली त्या घरात तिच्या आवाजातले गाणे नातवाच्या मोबाइलवर घालून द्यावे, एवढी एकच गोष्ट या वर्षी झाली तरी चालेल. आश्विनात गल्लीतल्या मुली भुलाबाईची गाणी म्हणायला जमतात, तेव्हा मॅडमनी आपली वही घेऊन तेथे जावे. विसरलेली कडवी त्या मुलींना मिळतील आणि मॅडमना कदाचित न मिळालेली मिळतील. छापताना गाणाऱ्या बाईचे नाव गाण्याखाली हवे, ‘निवेदक क्र. ७’ नको, मात्र तिला विचारून. आणि काही गाणी बाहेरच्यांसाठी नाहीत असे कोणी म्हणाले तर ती आपल्या कपाटातच राहू द्यावीत.

अर्थशास्त्राच्या सरांच्या कामात ‘नाव घालू नका’ एवढी काळजी पुरत नाही. दोन एकर कोरडवाहू, नवरा नसलेली, तीन मुलींची आई, असे लिहिले की प्रबंध वाचणाऱ्या परीक्षकाला ती ओळखू येत नाही, पण गावाला, आणि ज्याच्याकडून तिने पैसे घेतले त्या सावकाराला, ती पहिल्या ओळीत ओळखू येते. त्यांचे निष्कर्ष गावाच्या नव्हे तर तालुक्याच्या पातळीवर, अनेक गावे एकत्र करून सांगावेत, आणि ते गावापेक्षा बँकेच्या शाखाधिकाऱ्यांपुढे व बचत गटांच्या मेळाव्यात सांगितलेले अधिक उपयोगी पडतील.

गुण मिळत नाहीत ही तक्रार खोटी नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत मान्य नियतकालिकातील एका शोधनिबंधाला विज्ञानात ८ आणि मानव्यविद्यांत १० गुण आहेत. गावातल्या सभेला किंवा पेपरातल्या लेखाला त्या तक्त्यात जागा नाही. हे अन्यायाचे आहे असे मला वाटते आणि प्राध्यापकांच्या संघटनांनी त्यावर बोलायला हवे. तोवर आपल्याला दोन मार्ग आहेत. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या निकषांत संशोधनाबरोबर विस्तारकार्य, म्हणजे समाजात जाऊन केलेले काम, धरलेले आहे; तेव्हा प्रत्येक गावभेटीची तारीख, उपस्थिती आणि ग्रामसभेच्या ठरावाची प्रत आपण ग्रंथालयात जपून ठेवावी, म्हणजे महाविद्यालयाला तिचा लाभ होतो आणि प्राचार्यही मागे उभे राहतात. राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे विशेष शिबिर दरवर्षी होतेच; रस्ता झाडण्यात आणि शोषखड्ड्यात सगळे दिवस घालवण्याऐवजी त्यातले दोन दिवस पाण्याच्या कामाला मागून घ्यावेत. आणि वेळ नाही म्हणणाऱ्यांना ‘लेख लिहून द्या’ म्हणू नका. त्यांच्यापुढे बसा, मोबाइलवर ध्वनिमुद्रण सुरू करा, आणि आपल्या मनात येतील ते प्रश्न तासभर विचारा. पहिला मसुदा आपण लिहा, दुरुस्ती त्यांनी करावी. कोऱ्या कागदापुढे अडणारा प्राध्यापक दुसऱ्याने लिहिलेल्यात चूक काढायला मात्र आनंदाने बसतो, हा माझा अनुभव आहे. इंग्रजीत निबंध छापला म्हणून तेच मराठीत सांगता येणार नाही, अशी शंका कोणी काढली तर तीही दूर करावी : निष्कर्ष आणि आकडे यांवर कोणाची मालकी नसते, आपल्या शब्दांत ते सांगायला कोणाची परवानगी लागत नाही. छापलेली आकृती जशीच्या तशी उचलायची असेल तेवढे पाहून घ्यावे.

शेवटी आपल्या स्वतःच्या विद्येतले एक काम, जे दुसरे कोणी करू शकणार नाही. प्रबंध ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या संकेतस्थळावर असले तरी ते शोधायचे तर संशोधकाचे नाव, विषय किंवा इंग्रजी संज्ञा ठाऊक असावी लागते. गावकऱ्याला यांतले काहीही ठाऊक नसते; त्याला आपल्या गावाचे नाव ठाऊक असते. तेव्हा आपण गावनिहाय सूची करावी. तालुक्यातल्या प्रत्येक गावाच्या नावाखाली, त्या गावात कोणी, कधी, कशाचा अभ्यास केला आणि त्यात काय आढळले, एवढे दोन-चार ओळींत मराठीत. डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच नियमांतला ‘प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक’ हा नियम आपण शिकला आहातच. या कपाटातल्या ग्रंथांचे वाचक त्यांच्या परिशिष्टांतच, गावांच्या यादीत, बसलेले आहेत. सूचीची एक प्रत ग्रंथालयाच्या दारापाशी ठेवा, आणि ज्या त्या गावाचे पान त्या गावच्या ग्रामपंचायतीत द्या. पहिले पान लिहायला घेताना सरांची नमुन्यांची मूळ वही मागून घ्या, आणि त्यांना समोर बसवून प्रत्येक नमुना क्रमांकापुढे तो पंप कोणाच्या घराजवळ आहे ते पेन्सिलीने लिहून काढा. त्यांना आठवत नसेल, तर येत्या रविवारी दोघे मिळून मोटारसायकलवर जाऊन पाहून या.